संत निकोलसाला घराबाहेर कोणी काढले?

नोव्हेंबर सरत आला की उपासनेचा रंग जांभळा होतो. वेदीजवळ आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटते, गौरवगीत थांबते आणि ख्रिस्तसभा आपल्याला सांगते : आता वाट पाहा. चर्चबाहेर पाऊल टाकावे तो बाजार सांगत असतो : वाट कसली पाहता? सण तर सुरू झाला! पहिल्या रविवारचे प्रवचन कानांत असतानाच दुकानांच्या काचांमागे कापसाचा बर्फ पडू लागतो, लाल टोप्यांचे ढीग लागतात आणि ज्याचे नावही धड उरलेले नाही असा एक संत खोटी दाढी लावून दारोदार उभा राहतो. उपासनेचे पंचांग आणि बाजाराचे पंचांग यांच्या या ओढाताणीत आपली घरे सापडली आहेत. घराने यात कोणाची बाजू घ्यावी आणि ती कशी घ्यावी, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. ६ डिसेंबर हा संत निकोलसाचा सण आपल्या कुटुंबांनी साजरा करावा. आगमनकाळातच करावा, घरात करावा आणि गाजावाजा न करता करावा. या म्हणण्याला दोन बाजूंनी विरोध होतो. एक पक्ष म्हणतो, मुलांना सांताक्लॉज मिळतोच आहे, त्यात बिघडले काय? दुसरा पक्ष अधिक अभ्यासू आहे. तो म्हणतो, आगमनकाळ हा प्रभूच्या प्रतीक्षेचा काळ. त्यात संतांचे सण घुसडून लोकांचे लक्ष विचलित करू नका. दोन्ही पक्षांत आमचे स्नेही आहेत. दोघांचेही म्हणणे आम्हाला मान्य नाही.

प्रथम ज्याच्याविषयी वाद, त्याची ओळख करून घेऊ. निकोलस हा चौथ्या शतकातील मायरा नगरीचा बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील देम्रे. त्याने लिहिलेला एकही शब्द आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. त्याची सविस्तर चरित्रे त्याच्यानंतर काही शतकांनी लिहिली गेली. परंतु त्या चरित्रांतील एक कथा ख्रिस्ती जगाने शतकानुशतके मनाशी धरून ठेवली आहे. एका कुलीन घरावर दारिद्र्य कोसळले. घरात तीन उपवर मुली; हुंडा द्यायला बापाजवळ काही नाही. हुंड्याशिवाय लग्न नाही, आणि लग्नाशिवाय पोट भरण्याची सोय नाही. शेवटी त्या बापाच्या मनात मुलींना देहविक्रयाच्या मार्गाला लावण्याचा विचार आला. हे निकोलसाच्या कानी गेले. रात्री अंधारात त्याने त्या घराच्या खिडकीतून सोन्याची एक थैली आत टाकली. थोरलीचे लग्न झाले. काही काळाने दुसरी थैली पडली. तिसऱ्या वेळी बाप जागत बसला, धावत जाऊन त्याने दात्याला गाठले आणि पायांवर लोटांगण घातले. निकोलसाने त्याच्याकडून एकच वचन घेतले : मी जिवंत असेपर्यंत हे कोणाला सांगू नकोस.

ही कथा आपल्या भाषेत सांगताना ‘हुंडा’ हा शब्द टाळता येत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. युरोपातील मुलाला तो शब्द समजावून सांगावा लागत असेल; आपल्या मुलांना लागत नाही. भारतात १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी मुलीच्या लग्नाच्या खर्चापायी कर्जात बुडालेला बाप आपल्याला अनोळखी नाही. मायराचा बिशप आपल्यापासून फार दूर राहत होता, असे म्हणण्याची सोय या एका शब्दाने काढून घेतली आहे.

आता याच निकोलसाचा सांताक्लॉज कसा झाला ते पाहा. हॉलंडमधील लोक त्याला बोलीत ‘सिंटरक्लास’ म्हणत. अमेरिकेत त्याचे ‘सांताक्लॉज’ झाले. १८२३ साली अमेरिकेतील एका वृत्तपत्रात निनावी छापल्या गेलेल्या कवितेने त्याला ६ डिसेंबरवरून उचलून नाताळच्या आदल्या रात्री आणून बसवले आणि त्याच्या गाडीला आठ रेनडियर जुंपले. १८६३ पासून टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला गुबगुबीत देह दिला. १९३१ पासून हॅडन सनब्लोम या चित्रकाराने कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी त्याची चित्रे काढली आणि तोच चेहरा जगभर पक्का झाला. लाल झगा त्याआधीही होता. जाहिरातीने तो जगाच्या डोळ्यांत भरवला. डोक्यावरचा बिशपांचा मुकुट जाऊन टोपी आली, हातातील मेंढपाळाची काठी जाऊन पाठीवर पोते आले. याहून मोठा बदल मात्र तारखेचा होता. निकोलस आपल्या जागी, ६ डिसेंबरला, होता तोवर तो गव्हाणीकडे बोट दाखवून बाजूला होत असे. २४ डिसेंबरच्या रात्री तो आला, तेव्हा तो थेट गव्हाणीसमोर उभा राहिला. ज्या रात्री देवाने जगाला पुत्र दिला, त्या रात्रीचा दाता कोण, या प्रश्नाला अनेक घरांतील लहान मूल आज काय उत्तर देते? पालकांनी ते एकदा विचारून पाहावे.

“बिघडले काय?” असे विचारणाऱ्या पहिल्या पक्षाला आमचे हे उत्तर आहे. आणखी एक दृश्य त्यांच्यासमोर ठेवतो. नाताळच्या सुटीआधी ठिकठिकाणी मुलांच्या पार्ट्या होतात. प्रत्येक पालकाने आपल्या मुलासाठी वस्तू विकत घ्यायची, वर कागद गुंडाळायचा, त्यावर मुलाचे नाव घालायचे आणि ती गुपचूप आयोजकांच्या हवाली करायची. मग सांताक्लॉज पोत्यातून एकेक पुडके काढून नाव पुकारतो. ज्याच्या बापाचा खिसा मोठा, त्याचे पुडके मोठे. शेजारच्या मुलाच्या हाती लहान पुडके आले तर तो ते मुकाट्याने पाहतो आणि सांताक्लॉजही माणूस पाहून देतो, हे त्याच्या मनात कायमचे रुजते. निकोलसाने ज्याच्याकडे काही नव्हते त्याच्या खिडकीत सोने टाकले. त्याच्या नावाने आपण ज्याच्याकडे सर्व काही आहे त्याच्या हाती आणखी एक खेळणे ठेवतो. संताचे नाव घेऊन संताच्या उलट वागण्याचे याहून नेमके उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

दुसऱ्या पक्षाचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यामागे ख्रिस्तसभेची शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात बजावले की, भाविकांचे मन प्रथम प्रभूच्या सणांकडे वळवले पाहिजे. संतांच्या सणांनी तारणाच्या रहस्यांवर कुरघोडी करता कामा नये. त्यानुसार १९६९ साली संतांच्या दिनदर्शिकेची फेररचना झाली आणि निकोलसाचा सण ऐच्छिक स्मरणदिन झाला. निकोलसाला तेव्हा संतांच्या यादीतून काढून टाकले, अशी जी वदंता आहे ती सपशेल खोटी आहे. ६ डिसेंबर रविवारी आला तर मात्र आगमनकाळाच्या रविवारपुढे त्याला माघार घ्यावी लागते. हे सारे योग्यच झाले, असे आम्ही मानतो.

परंतु त्याच संविधानाने त्याच प्रकरणात आणखीही सांगितले आहे. संतांचे सण ख्रिस्ताने आपल्या सेवकांत केलेली अद्भुत कृत्ये घोषित करतात आणि भाविकांपुढे अनुकरणासाठी उदाहरणे ठेवतात, हेही परिषदेचेच म्हणणे आहे. सर्वत्र सक्तीचे नसावेत असे अनेक सण त्या त्या प्रांतापुरते, राष्ट्रापुरते किंवा संन्यस्त संघापुरते राखावेत, असेही तिने सुचवले. वेदीवर जो सण ऐच्छिक झाला, तो घराने आपल्या इच्छेने उचलला तर उपासनेच्या कोणत्या नियमाचा भंग होतो? उलट घराने आपला वाटा उचलावा म्हणूनच जणू ही जागा मोकळी झाली आहे. शिवाय आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण पाहा. ३ डिसेंबरला, म्हणजे ऐन आगमनकाळात, जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा सण होतो. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. दूरदूरचे भाविक, काही तर पायी चालत, तेथे येतात. झेवियरने आगमनकाळ मोडला, असे कोणी म्हणत नाही. कारण झेवियर कोणाची वाट तयार करीत फिरला, हे सर्वांना ठाऊक आहे. निकोलसाचेही तेच आहे. प्रतीक्षा म्हणजे हात जोडून रिकामे बसणे नव्हे. येणाऱ्याला ओळखता यावे म्हणून आधी त्याच्या स्नेह्यांशी ओळख करून घेणे, हाही प्रतीक्षेचाच भाग आहे.

एक तिसरा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो : ही युरोपीय प्रथा आपल्याकडे कशाला? मायरा युरोपात नव्हे, आशिया मायनरमध्ये आहे. निकोलसाचे अवशेष १०८७ साली इटलीतील बारी येथे नेण्यात आले, तेव्हा तो युरोपात गेला. शिवाय ज्या आगमनचक्रावर आपण चर्चमध्ये आज मेणबत्त्या लावतो, त्याचा आरंभ १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिक विचर्न या लूथरपंथीय पाळकाने चालवलेल्या अनाथ-गरीब मुलांच्या आश्रमात झाला. ते आपण आनंदाने घेतले. चांगली गोष्ट कोठून आली यापेक्षा ती आपल्या घरात येऊन काय करते, हे पाहणे महत्त्वाचे.

आणि घर सणासाठी काय करू शकते, हे पाहायचे असेल तर हॉलंडचाच इतिहास वाचावा. अॅम्स्टरडॅम शहराचा आश्रयदाता संत निकोलस. तेथील जुने चर्च त्याच्याच नावाचे. १५७८ साली शहराची सत्ता कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती गेली, तेव्हा ते चर्चही त्यांच्याकडे गेले. कॅथोलिकांना उघड उपासना करण्यास मनाई झाली. संतभक्ती म्हणजे मूर्तिपूजा, असा नव्या धर्मगुरूंचा निवाडा होता. सतराव्या शतकात अनेक नगरांनी निकोलसाच्या बाजारपेठेविरुद्ध आणि त्याच्या आकाराच्या मिठाईविरुद्ध हुकूम काढले. तरीही सण संपला नाही, कारण चर्च गेले तरी घरे उरली होती. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी मुले धुराड्यापाशी बूट ठेवीत राहिली; संताच्या घोड्यासाठी त्यात वैरण घालीत राहिली. यान स्टेन या लायडनच्या कॅथोलिक चित्रकाराने १६६५ ते १६६८ च्या सुमारास याच सणाचे एक चित्र काढले. ते आज अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात एका घरातील सकाळ आहे : मध्यभागी भेटींनी हरखलेली चिमुरडी, डावीकडे बुटात छडी मिळाली म्हणून रडणारा भाऊ, त्याला हसणारी भावंडे, एकाच्या कडेवरचे तान्हे मूल, आणि मागे पलंगाच्या पडद्याआडून रडणाऱ्या नातवाला खुणावून बोलावणारी आजी. चित्रात कोठेही धर्मगुरू नाही, वेदी नाही. परंतु त्या चिमुरडीच्या हातातील बाहुली संत योहान बाप्तिस्ताची आहे, असे जाणकार सांगतात. म्हणजे आगमनकाळात जो अरण्यातून हाक देतो त्याची! सत्तेने चर्चमधून हाकललेले दोन संत एका पोरीच्या हातांतून आणि एका आजीच्या मायेतून घरात नांदत होते. त्याच शहरात १६६३ साली एका व्यापाऱ्याच्या घराच्या माळ्यावर कॅथोलिकांचे गुप्त चर्च उभे राहिले आणि १८८७ साली संत निकोलसाच्या नावाचे मोठे चर्च उघडेपर्यंत तेथे मिस्सा होत राहिली. घराने तीनशे वर्षे ठेव सांभाळली आणि मग ती परत केली.

असे असले तरी हॉलंडचे सारेच उचलून आणा, असे आम्ही म्हणत नाही. परंपरा पाखडून घ्यावी लागते. स्टेनच्या चित्रातील ती छडी आम्हाला नको. शहाण्याला मिठाई आणि वाह्याताला छडी, हा हिशेब निकोलसाच्या कथेत नाही. त्या तीन मुलींची वर्तणूक त्याने तपासली नव्हती. दुसरी गोष्ट अधिक जड आहे. १८५० साली यान स्केंकमन या शाळामास्तराच्या पुस्तकाने निकोलसाला एक कृष्णवर्णी नोकर दिला. तेव्हा डच वसाहतींत गुलामगिरी चालू होती. ती १८६३ साली बंद झाली. त्यानंतरही दीडशे वर्षे गोरी माणसे तोंडाला काळे फासून, जाड ओठ रंगवून त्या नोकराचे सोंग घेत राहिली. २०११ नंतर कृष्णवर्णीय डच नागरिकांच्या निषेधांना जोर चढला, तेव्हा “ही तर आमच्या लेकरांची निरागस परंपरा” असे उत्तर त्यांना मिळाले. हळूहळू अनेक नगरांनी ते सोंग बदलले. परंपरा निरागस आहे की नाही, हे तिचा आनंद घेणाऱ्याने ठरवायचे नसते. ती ज्याला बोचते त्याला विचारायचे असते. आपल्या घरांतील आणि गावांतील सणांनाही हा निकष लावण्यास हरकत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत खेदाची. ज्या घरांनी बंदीतून सण वाचवला, त्यांपैकी बहुतेक घरांत आज सण आहे, पण श्रद्धा नाही. बिशपांचा वेष आहे, चॉकलेटची अक्षरे आहेत, भेटींसोबत निनावी विनोदी कविता आहेत. ज्याच्या सेवेसाठी निकोलस बिशप झाला तो प्रभू मात्र त्या संध्याकाळी आठवला जातोच असे नाही. तेव्हा केवळ घर पुरेसे नाही, हेही मान्य केले पाहिजे. कथा सांगितली नाही आणि प्रार्थना केली नाही, तर कोणताही सण दोन-चार पिढ्यांत केवळ फराळ होऊन बसतो.

मग आपण काय करावे? खर्चाचे काहीच नाही. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी रोझरी झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी तीन थैल्यांची कथा सांगावी. हुंडा हा शब्द न गाळता सांगावी. बुटांची गरज नाही. आपल्या दारात चपला असतातच. घरातील सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून प्रत्येकाने एक उचलावी आणि नाताळपर्यंत त्या व्यक्तीची एखादी सेवा तिला कळू न देता करावी : आईच्या आधी उठून पाणी भरून ठेवावे, आजोबांचा चष्मा पुसून जागेवर ठेवावा, भांडलेल्या भावाची वही शिवून द्यावी. लपून केलेल्या चांगल्या कामाची गोडी एकदा लागली की मुलाला ती पुड्यातील खेळण्याने भागत नाही. आणि घराने मिळून एक पाकीट भरावे. ते एखाद्या मुलीच्या फीसाठी, एखाद्या आजाऱ्याच्या औषधासाठी कोणाच्या तरी हाती पोहोचवावे आणि त्यावर नाव घालू नये.

नाव घालू नये, यावर आम्ही मुद्दाम भर देतो. आपल्या चर्चमधील बाकांवर दात्यांची नावे आहेत, भिंतींवर आहेत, पंख्यांच्या पात्यांवरही आहेत. वर पाहून प्रार्थना करणाऱ्याला आधी देणगीदार दिसतो. दान गुप्त असावे, ही प्रभूची डोंगरावरील शिकवण आपण दरवर्षी राखेच्या बुधवारी ऐकतो आणि वर्षभर पंख्याखाली बसून विसरतो. वर्षातील एक दिवस तरी आपल्या मुलांनी नाव नसलेले दान पाहावे.

महाराष्ट्रात ६ डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन आहे. १९५६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हापासून या दिवशी दादरच्या चैत्यभूमीकडे लोकांचा ओघ लागतो आणि तेथून परतणारी माणसे पुस्तके विकत घेऊन जातात. ज्या दिवशी आपल्या शेजारची माणसे आपल्या उद्धारकर्त्याचे स्मरण करतात, त्या दिवशी आपल्या दारात कर्णे वाजणे शोभणारे नाही. शांतपणे, अंधारात, वंचिताच्या खिडकीपाशी जाणाऱ्या निकोलसाचा सण या दिवसाशी विसंगत ठरणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

कथेचा एक शेवट मात्र आपल्या काळाने बदलला पाहिजे. निकोलसाने हुंडा पुरवला, कारण त्या मुलींना वाचवण्याचा तोच मार्ग त्याच्यापुढे होता. आपल्यापुढे दुसराही आहे. ज्या घरात ही कथा दरवर्षी सांगितली जाईल, त्या घरातील मुलगा मोठा झाल्यावर मुलीच्या बापापुढे हात पसरणार नाही आणि त्या घरातील आई सुनेच्या दागिन्यांचे वजन करणार नाही, एवढे या सणाने साधले तरी पुष्कळ झाले. ते साधणार नसेल, तर चपलांत ठेवलेल्या मिठाईला मुंग्या लागतील, याहून अधिक काही घडणार नाही.

सांताक्लॉजला हाकलण्याची मोहीम काढा, असे आमचे आवाहन नाही. मुलांच्या हातून टोपी हिसकावून धर्म शिकवता येत नाही. ६ डिसेंबरला निकोलस घरी येऊन गेला असेल, तर २४ डिसेंबरच्या रात्री त्याच्या सोंगाला फारसे काम उरणार नाही. त्या रात्री गोठ्यापाशी फक्त येशूबाळ असेल; आणि देणारा कोण, हे मुलांना कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.